कशाला पाहिजे, असं विचारलं तर चालतं का ताई?

मागच्या आठवड्यात अमळनेर स्टँडवर भजी घेतली, पुडा उलगडला तर आत आधार कार्डची झेरॉक्स. म्हातारी बाई, कपाळावर मोठं कुंकू, डोक्यावरून पदर, आणि खाली बारा आकडे स्वच्छ वाचता येतील असे, त्यावर निळ्या शाईत आडवीतिडवी सही आणि तारीख. तेलाचा डाग नेमका गावाच्या नावावर पडलेला. कोणत्यातरी अर्जाला जोडलेला कागद असणार तो, अर्जाचं काम झालं आणि गठ्ठा रद्दीत गेला. भजीवाल्या भाऊंना विचारलं तर म्हणाले रद्दी किलोने येते ताई, मी एकेक कागद कुठे वाचू. त्यांचं बरोबरच आहे. मी तो कागद घरी नेऊन चुलीत टाकला पण त्या आजी काही डोळ्यासमोरून जाईनात, कारण २००१ ला एमएस-सीआयटी आलं तेव्हापासून मी कॉम्प्युटरचे क्लास घेतेय आणि इतक्या वर्षांत अशा किती जणींना मीच म्हणाले असेन, की आजी, झेरॉक्स द्या आणि इथे सही करा.

आपली माहिती कोण कशाला मागतं आणि ती पुढे कुठे जाते, हाच विषय या वेळच्या तुमच्या पत्रांत सगळीकडे दिसला म्हणून सगळी एकत्र घेतेय. नावं छापत नाहीये.

प्रश्न : ताई, मी रावेर तालुक्यातला केळीवाला. आमच्या गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पीएम किसानच्या नावाची फाईल आली, पाठवणारा आमच्याच भाऊबंदातला. माझा हप्ता अडकलेला होता म्हणून मी दाबलं, फॉर्म उघडला, तो भरला. काही झालं नाही म्हणून सोडून दिलं. तिसऱ्या दिवशी रात्री साडेअकरा ते पावणेबारामध्ये चार वेळा मिळून ६४ हजार गेले. कापणीचा पैसा होता, दोनच दिवस आधी व्यापाऱ्याने टाकलेला. बँकेत गेलो तर म्हणे तुम्हीच ओटीपी सांगितला असेल. मी कोणालाच सांगितला नाही, पोराची शपथ. घरात अजून बोललो नाहीये. काय करू?

उत्तर : आप्पा, तुमचं पत्र मिळालं त्याच दिवशी आपण फोनवर बोललोय, इथे लिहिते ते बाकीच्यांसाठी, कारण ही फाईल अजून गावोगाव फिरतेय.

आधी एक सांगते, तुम्ही ओटीपी सांगितला नाही हे मला पटतं. ती फाईल एपीके होती, म्हणजे प्ले स्टोअरला बाजूला ठेवून थेट फोनमध्ये घुसणारं ॲप. इन्स्टॉल करताना त्याने दोन-तीन परवानग्या मागितल्या असतील आणि तुम्ही अलाऊ, अलाऊ दाबत गेला असाल, आपण सगळे तेच करतो. त्यातली एक परवानगी एसएमएस वाचायची असते. तुम्ही फॉर्ममध्ये आधार नंबर, खातं, कार्डाचे आकडे भरलेत, ते त्यांच्याकडे गेले, आणि मग ज्या रात्री खात्यात पैसा दिसला त्या रात्री बँकेचा ओटीपी तुमच्या फोनवर आला आणि तुम्ही बघायच्या आत त्या ॲपने तो वाचून पुढे पाठवला. तुम्ही झोपलेले, फोन उशाशी, आणि फोनच तुमच्या वतीने बोलतोय. पुढे तेच ॲप तुमच्या नंबरवरून तुमच्या ओळखीच्या सगळ्यांना तीच फाईल पाठवतं, म्हणून ती कायम ओळखीच्याच माणसाकडून येते. तुमच्या भाऊबंदाला माहीत पण नसेल त्याच्या फोनवरून काय गेलं ते. त्याच्याशी भांडू नका, त्याला फोन करून सांगा की तुझा पण फोन तपास.

पीएम किसानचे वर्षाला ६,००० तीन हप्त्यांत येतात, आणि हप्ता अडकलाय का, ई-केवायसी राहिलीये का, हे सरकारी पोर्टलवर किंवा प्ले स्टोअरवरच्या अधिकृत ॲपमध्ये दिसतं, नाहीतर सीएससी सेंटरवर, म्हणजे गावातल्या ऑनलाईन सेवा केंद्रावर. सरकार ग्रुपवर फाईल टाकून हप्ता देत नाही. लाडक्या बहिणीच्या ई-केवायसीच्या वेळी पण खोट्या लिंका फिरल्या होत्या, पैशाची वाट बघणारा माणूस घाईत असतो हे त्यांना पक्कं माहीत आहे.

असं कोणाचं झालं तर पहिलं काम, त्या फोनचं नेट बंद करा आणि दुसऱ्याच्या फोनवरून १९३० ला लावा. हा सायबर फसवणुकीचा नंबर आहे, तिथून पुढच्या बँकांना कळतं आणि पैसे ज्या खात्यात गेले त्या खात्यात अडवता येतात, पण पुढे काढून घेतले गेले नसतील तरच. म्हणून सकाळी बघू, असं करायचं नाही, रात्री बाराला लावा. तक्रारीचा नंबर लिहून ठेवा. बँकेला फोन करून खातं, कार्ड, यूपीआय बंद करायला सांगा, आणि नुसतं तोंडी नाही, लेखी अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्या. फोन पूर्ण रीसेट केल्याशिवाय त्यावर परत बँकेचं ॲप टाकू नका.

बँकवाले म्हणाले तुमचीच चूक, तिथेच माघारी फिरू नका आप्पा. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकात आहे की ग्राहक जबाबदार आहे हे सिद्ध करायचं काम बँकेचं आहे. चूक बँकेची पण नाही आणि ग्राहकाची पण नाही, तिसरीकडेच गडबड झाली, आणि ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर त्याचा भुर्दंड ग्राहकावर नाही. ग्राहकाने स्वतः पिन किंवा ओटीपी दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं, पण कळवल्यानंतर पैसा गेला तर ते नुकसान बँकेचं. आता फॉर्म तुम्ही भरलाय, त्यामुळे तुमचं प्रकरण सोपं आहे असं मी म्हणणार नाही, ते बोट दाखवतीलच. पण ओटीपी तुम्ही सांगितला नाही, तो चोरीला गेला, आणि रात्री साडेअकराला पंधरा मिनिटांत चार व्यवहार, जे तुमच्या खात्यावर आजपर्यंत कधीच झाले नाहीत, ते बँकेला खटकले कसे नाहीत, हे अर्जात लिहा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार होते, फुकट, १४४४८ वर विचारून घ्या कशी करायची.

आणि घरात सांगा. पोराला तर आधी सांगा. तुम्ही रात्रंदिवस बागेत राबून तो घड उभा केलाय, लुबाडले गेलात यात तुमची मान खाली जायचं काहीच कारण नाही. मी असे तीन जण बघितलेत ज्यांनी लाजेपोटी आठवडाभर तोंड उघडलं नाही, आणि तेवढ्यात पैसा सात खाती फिरून गेला.

प्रश्न : ताई नमस्कार. चोपडा तालुक्यात माझं कृषी सेवा केंद्र आहे, वडिलांपासूनचं. परवा एक पोरगा आला, लॅपटॉप उघडून दाखवलं, आपल्या आणि शेजारच्या तालुक्यातले १२ हजार शेतकरी, नाव, गाव, मोबाईल, किती एकर, पीक काय, ठिबक आहे का नाही, सगळं. अडीच हजारात देतो म्हणे. समोरच्याने घेतली असं पण म्हणाला. मला बरं वाटेना पण धंद्यात मागे पडायची भीती पण वाटते. घेऊ का? आणि तो डेटाचा नवीन कायदा आमच्यासारख्या छोट्या दुकानदाराला लागतो का?

उत्तर : नका घेऊ दादा.

तुमच्या गल्ल्याजवळ उधारीची वही असेलच. जूनमध्ये बियाणं, खत नेलेलं, कापूस विकला की देतो म्हणून. कोणाचं दोन वर्षांपासून थकलंय, कोणी पोरीच्या लग्नामुळे अर्धेच दिले, कोणाच्या घरात वाटणी झाल्यावर जुनं देणं कोणी भरायचं यावरून वाद आहे, हे सगळं त्या वहीवरून तुम्हाला समजतं. तुमच्या वडिलांनी ती वही कधी दुसऱ्या गिऱ्हाइकासमोर उघडी टाकली होती का? माझे मामा धरणगावला दुकानात बसायचे, मी सुट्टीत गेले की त्यांच्या शेजारी गोणीवर बसायचे. कोणी पायरी चढताना दिसलं की मामांचा डावा हात आपोआप वहीवर जायचा आणि वही पालथी व्हायची, मग ते राम राम म्हणायचे. मग ज्याचं खातं त्याचंच पान उघडून, बाकीच्या पानावर पाटी ठेवून हिशोब दाखवायचे. त्यांना कोणता कायदा कोणी शिकवला नव्हता. गावात राहायचं तर एकाचं देणं दुसऱ्याला दिसू द्यायचं नाही, एवढं त्यांना कळत होतं आणि लोक त्याच भरवशावर त्यांच्याकडून माल न्यायचे.

तो पोरगा जी एक्सेल विकतोय ती १२ हजार लोकांची उघडी वही आहे. एकर आणि ठिबक इतकं नेमकं त्याच्याकडे कुठून आलं याचा विचार करा. शेतकऱ्याने ही माहिती कुठल्यातरी योजनेच्या अर्जात, कुठल्यातरी सर्व्हेत, कुठल्यातरी मेळाव्याच्या नोंदवहीत, विश्वासाने दिलीये, अनुदान मिळावं म्हणून दिलीये, आणि मधल्या कोणीतरी ती कॉपी केली. उद्या तीच यादी घेऊन बोगस बियाणंवाला फोन करतो, आणि वर आप्पांना ज्यांनी लुबाडलं त्यांच्यासारख्यांना पण हीच यादी लागते, कोणाची केळी कधी कापणीला येते आणि खात्यात पैसा कधी पडतो याचा अंदाज त्यावरूनच तर येतो. म्हणून मी इतकं ठामपणे नाही म्हणतेय.

कायद्याचं विचारलंत. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला १८ महिन्यांची मुदत आहे. दुकान छोटं म्हणून तुम्ही त्याच्या बाहेर नाही, लोकांची माहिती मोबाईलमध्ये, कॉम्प्युटरमध्ये ठेवता तर लागतो. कागदावरच राहणारी वही त्यात येत नाही पण तीच तुम्ही उधारीच्या ॲपमध्ये चढवली की येते. दंडाची वरची मर्यादा २५० कोटी आहे, ती ऐकून घाबरू नका, चूक किती मोठी ते बघून रक्कम ठरते. गाभा साधा आहे, माहिती ज्या कामासाठी घेतली तेवढ्याच कामाला वापरायची, घेताना सांगायचं कशासाठी घेतोय, आणि माणूस नको म्हणाला की काढून टाकायची. विकत घेतलेल्या यादीतल्या एकाने जरी विचारलं की माझा नंबर तुम्हाला कोणी दिला, तर तुमच्याकडे काय उत्तर आहे?

या कायद्याबद्दल माझी एक तक्रार पण आहे, मनापासूनची. दंड सगळा सरकारजमा होतो, ज्याची माहिती गेली त्याला भरपाई मिळायची सोय यात नाही. सरकारी यंत्रणांना सूट द्यायची वाट पण ठेवलीये. आणि याच कायद्याने माहिती अधिकाराचं कलम ८(१)(जे) बदललं, पूर्वी लोकहिताचं असेल तर वैयक्तिक माहिती पण देता येईल असं त्याच कलमात होतं, ते गेलं. गावात योजनेचा लाभ खोट्या नावावर कोण उचलतंय हे याद्या मागूनच तर उघडं पडायचं. म्हाताऱ्या बाईचा आधार नंबर भज्याच्या पुड्यात, आणि कोणाला किती अनुदान मिळालं ते विचारलं तर वैयक्तिक माहिती आहे, देता येत नाही, हे उलटं होऊन बसेल असं मला भीतीने वाटतं.

तुमच्या धंद्यापुरतं म्हणाल तर स्वतःच्या गिऱ्हाइकांना विचारा. बिल करताना म्हणा, गुलाबी बोंडअळीचे सापळे कधी लावायचे त्याचा मेसेज पाठवू का, नंबर देता का. जो देईल तो मनापासून देईल. प्रचाराचे एसएमएस एकगठ्ठा पाठवायचे असतील तर आधी टेलिकॉम कंपनीकडे डीएलटीची, म्हणजे असे मेसेज पाठवणारा म्हणून नोंदणी लागते, ती करून घ्या. ३०० जण असे मिळाले तरी ते त्या १२ हजारांपेक्षा कामाचे.

प्रश्न : भुसावळला दुकानात साधा शर्ट घेतला तरी मोबाईल नंबर दिल्याशिवाय बिल होत नाही म्हणतात. द्यावा लागतो का?

उत्तर : नाही. मे २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने स्पष्ट केलंय की नंबर नाही म्हणून माल द्यायला नकार देणं ही अनुचित व्यापार प्रथा आहे. शांतपणे म्हणायचं, नंबर देत नाही, बिल कागदावर द्या. काउंटरवरच्या पोरावर आवाज चढवू नका, तो मालकाने सांगितलं ते करतो. तरी अडले तर मालकाला बोलवा.

प्रश्न : मी धुळे तालुक्यात जिल्हा परिषद शाळेवर शिक्षक आहे. दर दोन-चार दिवसांनी ग्रुपवर मेसेज येतो, तात्काळ माहिती भरा, आणि मग सगळ्या शाळांची एक्सेल त्याच ग्रुपवर पडते, मुलाचं नाव, आधार, जात, आईच्या खात्याचा नंबर, अपंगत्व असेल तर ते पण. आता अपारचं काम आलंय, पालक विचारतात सर हे कशाला, आणि मला उत्तर देता येत नाही. मी वरती बोललो तर कामचुकार ठरतो.

उत्तर : सर, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. स्वतःच्या वर्गातल्या पोरांबद्दल असं वाटणारा माणूस कामचुकार नसतो.

आधार कायद्याच्या कलम २९ मध्ये लिहिलंय की कोणाचा आधार नंबर जाहीर प्रसिद्ध करायचा नाही, लावायचा नाही. दीडशे जणांच्या ग्रुपवर टाकलेली एक्सेल त्या दीडशे फोनमध्ये आपोआप उतरते. त्यातला एक फोन दुरुस्तीला जातो, एक घरातल्या पोराच्या हातात गेमसाठी असतो, एक विकला जातो. फाईल टाकणाऱ्याचा हेतू वाईट नसतो हो, त्याला पण वरून संध्याकाळी पाचपर्यंत पाहिजे असं सांगितलेलं असतं, पण सात वर्षांच्या पोरीचा आधार नंबर आज बाहेर गेला तर ती सत्तर वर्षांची होईपर्यंत तोच नंबर घेऊन फिरणारे. पासवर्ड बदलता येतो, तो नंबर नाही.

भांडण न करता करता येतील अशा गोष्टी सांगते. तुमच्याकडून जाणाऱ्या फाईलमध्ये आधाराचा रकाना मागितलेला नसेल तर भरू नका, पोर्टलवर तो एकदा भरलेला असतोच. मागितलाच असेल तर शेवटचे चार आकडे चालतील का विचारा. फाईल ग्रुपवर न टाकता ज्याला हवी त्याच्याच मेलवर, पासवर्ड लावून पाठवा आणि पासवर्ड फोनवर सांगा. ग्रुपमधल्या फाईली आपोआप डाऊनलोड होणं सेटिंगमधून बंद करा. आणि शाळांच्या केंद्राच्या बैठकीत चार शिक्षकांनी मिळून एक साधं पत्र द्या, की विद्यार्थ्यांची माहिती व्हॉट्सॲपवर मागू नये, पोर्टलवरच भरून घ्यावी. एकटे बोललात तर तुम्ही दिसता, चौघांची सही असली की विषय दिसतो.

पालकांना अपारबद्दल खरं ते सांगा. नवीन शैक्षणिक धोरणातून आलेला विद्यार्थ्याचा कायमचा नंबर आहे, मार्कशीट, क्रेडिट, प्रमाणपत्रं त्याला जोडली जातात, शाळा बदलली तर उपयोग आहे. त्यासाठी पालकांची लेखी संमती लागते, आणि संमती लागते याचाच अर्थ नाही म्हणता येतं, दिलेली परत पण घेता येते. सुप्रीम कोर्टाने २६ सप्टेंबर २०१८ च्या आधार निकालात शाळाप्रवेशाला आधार सक्तीचं करता येत नाही आणि आधार नाही म्हणून मुलाचा कोणताही लाभ अडवता येत नाही असं म्हटलंय. फॉर्म पोराच्या दप्तरात टाकून उद्या सही घेऊन ये म्हणणं ही संमती नव्हे. पालकसभेत पाच मिनिटं वाचून दाखवा, आणि तुमच्याकडे अहिराणीत सांगितलं तर अजून बरं. नवीन डेटा कायद्यात १८ वर्षांखालच्या सगळ्यांना मूल धरलंय आणि पालकांच्या पडताळलेल्या संमतीशिवाय त्यांची माहिती घ्यायची नाही असं आहे.

अभ्यासाच्या ॲपचं पण बघत जा सर. ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेने २०२२ मध्ये ४९ देशांतली दीडशेहून जास्त शिक्षणाची ॲप आणि वेबसाईट तपासल्या, कोरोनाच्या काळात सरकारांनी वापरायला सांगितलेल्या, तर बहुतेकांमधून मुलांची माहिती गोळा होऊन पुढे जात होती. कविता पाठ करायच्या ॲपला पोराचं लोकेशन लागत नाही.

प्रश्न : ताई मी शहादा तालुक्यातली, एम.ए.च्या पहिल्या वर्षाला आहे. घरी आम्ही भिली बोलतो. इंग्रजीत असाइनमेंट होती, मी मराठीत लिहून काढलं, मग इंग्रजी केलं, शब्दांसाठी फक्त एआयची मदत घेतली. मॅडमनी सॉफ्टवेअरमध्ये टाकलं तर ८० टक्के एआय आलं आणि सगळ्या वर्गासमोर बोलल्या. मी खूप रडले. माझं लिखाण माझंच आहे हे कसं सिद्ध करू?

उत्तर : बाळा, आधी डोळे पूस. ते सॉफ्टवेअर पुरावा नाही, अंदाज आहे, आणि तुझ्यासारख्या मुलींच्या बाबतीत तो जास्तच चुकतो. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२३ मध्ये असे सात डिटेक्टर तपासले. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेत लिहिलेले ९१ निबंध त्यात टाकले, सगळे माणसांनी लिहिलेले, तर सरासरी ६१ टक्के निबंध एआयने लिहिलेत असं दाखवलं. कारण सोपं आहे, आपण इंग्रजी शिकून लिहितो, शब्द साधे आणि ठरलेले, वाक्य सरळ, आणि यंत्राला साधं आणि अंदाजात बसणारं लिखाण दिसलं की ते यंत्राचं वाटतं. चॅटजीपीटी ज्या कंपनीने काढलं त्या ओपनएआयने स्वतःचा असा डिटेक्टर जुलै २०२३ मध्ये बंद केला, बरोबर ओळखता येत नाही म्हणून. हे दोन्ही मुद्दे कागदावर लिहून मॅडमना दे, नम्रपणे. सोबत तुझी मराठी वही ने, खाडाखोडीसकट, फाईलच्या जुन्या आवृत्त्या असतील तर त्या दाखव आणि म्हण, मॅडम माझी तोंडी घ्या. एआयची मदत किती आणि कुठे घेतली ते पण लपवू नकोस, शब्दांसाठी घेतली म्हणून सांग. पुढच्या वेळी आधीच विचारून घे की किती चालतं.

एआयच्या त्या चौकटीत काय टाकायचं नाही ते पण सांगते. मार्कशीट, आधार, आजाराचे कागद, मैत्रिणीच्या घरातलं प्रकरण, हे काही लिहू नकोस. तिथे लिहिलेलं कंपनीकडे जातं आणि ते पुढचं मॉडेल शिकवायला पण वापरलं जाऊ शकतं, सेटिंगमध्ये बंद करायची सोय असते, ती शोधून बंद कर.

तू शहाद्याची आहेस म्हणून अजून थोडं लिहिते. देशातलं पहिलं आधार तुझ्याच तालुक्यात दिलं गेलं, टेंभलीला, २९ सप्टेंबर २०१० ला, तेव्हाचे पंतप्रधान मनमोहन सिंग आले होते. म्हणजे या सगळ्याची सुरुवात आपल्या खानदेशातून झाली, आणि त्यानंतर सात वर्षांनी, २४ ऑगस्ट २०१७ ला, सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं सांगितलं. आधी नंबर आला, हक्क नंतर. आता नवीन कायदा म्हणतो की संमतीची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांत वाचता आली पाहिजे. त्यात मराठी आहे, पण तुझ्या आईची भिली नाही आणि आमची अहिराणी पण नाही. २०११ च्या जनगणनेत भिली सांगणारे एक कोटीच्या वर आणि खानदेशी, ज्यात आमची अहिराणी धरतात, ती सांगणारे १८ लाखांच्या वर आहेत, इतक्या लोकांनी जी भाषा समजते त्यात न वाचताच हो म्हणायचं. आदिवासी कार्य मंत्रालयाने २०२५ मध्ये आदिवाणी नावाचं भाषांतराचं ॲप आणलं, त्यात भिली घेतलीये, ते वापरून बघ आणि तुमच्याकडची भिली त्याला किती जमते ते मला कळव, पुढच्या अंकात घेऊ. आणि एम.ए.चा प्रबंध कशावर करू असं पुढे मनात आलं, तर तुमच्या पाड्यावर सही आणि अंगठा कशाकशावर घेतला जातो, यावर कर. ते तुझ्याइतकं नीट दुसरं कोणी लिहू शकणार नाही.

प्रश्न : ताई, शिरपूरहून लिहितेय. सासूबाईंचा अंगठा रेशनच्या मशीनवर येतच नाही, आयुष्यभर निंदणी, कापूस वेचणी करून बोटं झिजलीत. दुकानदार म्हणतो नाव कमी होईल. आणि मागे गावात पैसे काढून देणाऱ्याने दोनदा अंगठा घेतला, पहिला आला नाही म्हणे, तर खात्यातून दोनदा गेले. तक्रार केली पण त्या माणसाने हात वर केले.

उत्तर : वहिनी, रेशन अंगठ्यावाचून अडत नाही. कार्डावरच्या दुसऱ्या कोणाचाही अंगठा चालतो, तुम्ही जा. डोळ्याचं मशीन असेल तर ते मागा, आधारला मोबाईल जोडलेला असेल तर ओटीपी मागा. केवायसी राहिली असेल तर मेरा ई-केवायसी ॲपवर चेहरा दाखवून घरी बसून होते, आजींना उजेडात बसवा, चष्मा काढा. अंगठा जुळला नाही म्हणून हक्काचं धान्य नाकारायचं नाही असं केंद्राने २०१७ मध्येच राज्यांना कळवलंय, तरी दुकानदार ऐकत नसेल तर तहसीलच्या पुरवठा शाखेत अर्ज द्या आणि पोच घ्या.

पैशाचं मात्र मनावर घ्या. अंगठा आला नाही असं म्हटलं की आधी मशीनची पावती मागायची, नापास झाला तरी पावती निघते, ती हातात आल्याशिवाय दुसरा अंगठा नाही. जे दोनदा गेले त्याची तारीख, वेळ पासबुकात बघा आणि बँकेच्या शाखेत लेखी द्या, त्या माणसाकडे परत जाऊ नका. आणि आधारच्या अधिकृत ॲपवरून आजींचं बायोमेट्रिक लॉक करून ठेवा, मग त्यांच्या अंगठ्यावर कोणालाच पैसे काढता येणार नाहीत. पैसे काढायचे त्या दिवशी तुम्ही थोडा वेळ उघडून द्यायचं. फक्त लॉक असताना रेशनला पण त्यांचा अंगठा चालणार नाही हे लक्षात ठेवा, त्या दिवशी तुमचा अंगठा द्या. कुठे झेरॉक्स मागितली तर आधारच्या वेबसाईटवरून मास्क केलेलं आधार काढा, पहिले आठ आकडे झाकलेले येतात, आणि झेरॉक्सवर आडवं लिहा, कोणत्या कामासाठी आणि कोणत्या तारखेला दिली. आजींना सही येत नसेल तर तुम्ही लिहा आणि त्यांना वाचून दाखवा.